माँट्रिऑलचा पहिला फेरा : श्रीराम सिंह यांची कारकीर्द आणि आठशे मीटरचा हिशोब

लष्करकर (धागाकर्ता)

ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना या पट्ट्यात धावणे म्हणजे सैन्यभरती आणि भरती म्हणजे सोळाशे मीटर, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की मध्यम पल्ल्याची शर्यत हा स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पूर्ण करणाऱ्याला पैकीच्या पैकी ६० गुण मिळतात, हे मेळ्याच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या कोणत्याही मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. त्याच मुलाला मोठ्या धावपटूचे नाव विचारले तर तो शेजारच्या मुरैन्याचे म्हणून पानसिंह तोमर यांचे नाव घेतो, फार तर मिल्खासिंगांचे घेतो. श्रीराम सिंह हे नाव क्वचितच कोणाच्या तोंडी येते. साडेपाच मिनिटांच्या हिशोबाने चारशे मीटरचा एक फेरा साडेब्याऐंशी सेकंदांचा पडतो. श्रीराम सिंहांनी १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीचा पहिला फेरा ५०.८५ सेकंदांत काढला होता, आणि शेवटच्या फेऱ्याची घंटा वाजली तेव्हा आठही जणांत ते सर्वांच्या पुढे होते.

कारकीर्दीचा आराखडा आधी मांडतो. १९४८ साली राजस्थानात जन्मलेले श्रीराम सिंह १९६८ मध्ये राजपुताना रायफल्समध्ये दाखल झाले आणि तेथे त्यांना प्रशिक्षक इलियास बाबर भेटले. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ब्रह्मदेशाच्या जिमी क्रॅम्प्टनमागे त्यांना रौप्यपदक मिळाले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते प्राथमिक फेरीतच बाद झाले. १९७४ मध्ये तेहरानच्या आशियाई स्पर्धेत १:४७.६ या वेळेसह सुवर्णपदक, १९७८ मध्ये पुन्हा बँकॉक येथे सुवर्णपदक, आणि १९८० मध्ये मॉस्कोत उपांत्य फेरी. या सगळ्याच्या मधोमध माँट्रिऑल येते, जेथे प्राथमिक फेरीत १:४५.८६, उपांत्य फेरीत १:४६.४२ आणि अंतिम शर्यतीत १:४५.७७ अशा वेळा त्यांनी लागोपाठ तीन दिवसांत दिल्या. अंतिम शर्यतीत ते सातवे आले. ती वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून पुढची ४२ वर्षे टिकली; २०१८ साली गुवाहाटीत जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ देऊन ती मोडली.

या शर्यतीबद्दल आपल्याकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. श्रीराम सिंहांनी वेग वाढवला, त्यामुळे क्यूबाच्या अल्बेर्तो हुआंतोरेनाला १:४३.५० असा जागतिक विक्रम करता आला, आणि त्याने नंतर त्याचे श्रेय या भारतीय धावपटूला दिले. हे कौतुक ऐकायला गोड असले तरी मला ते थोडे खटकते, कारण त्यात श्रीराम सिंह दुसऱ्याच्या लग्नात सनई वाजवायला आलेले वाटतात. माझे म्हणणे असे आहे की ते हुआंतोरेनासाठी पुढे धावले नाहीत, स्वतःसाठी धावले. त्यांच्याकडे असलेल्या शरीराला आणि त्यांना मिळालेल्या सरावाला ती शर्यत धावण्याचा तोच उत्तम मार्ग होता, आणि सातव्या क्रमांकापेक्षा १:४५.७७ या आकड्याकडे पाहिले तर ते लक्षात येते. जाणकारांनी आपले मत अवश्य मांडावे.

दौलतगंज

धागा उत्तम आहे, परंतु मी असहमत आहे. ऑलिंपिकची अंतिम शर्यत ही क्रमांकासाठी धावली जाते, घड्याळासाठी नव्हे. आपणच दिलेल्या आकड्यांची वजाबाकी केली तर श्रीराम सिंहांचा दुसरा फेरा ५४.९२ सेकंदांचा होतो. पहिल्यापेक्षा चार सेकंदांहून अधिक संथ! सहावा आलेला युगोस्लाव्हियाचा सुशान १:४५.७५ वर आला, म्हणजे आपला माणूस सहाव्या क्रमांकाला ०.०२ सेकंदाने मुकला. पाचवा स्टीव्ह ओव्हेट १:४५.४४ आणि चौथा विली व्युल्बेक १:४५.२६. चौथा ते सातवा या चौघांत मिळून अर्ध्या सेकंदाचे अंतर आहे. पहिला फेरा ५२ च्या आसपास ठेवून ताकद राखली असती तर चौथा क्रमांक अशक्य नव्हता, आणि ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला भारतीय कसा लक्षात राहतो हे मिल्खासिंगांच्या उदाहरणावरून आपण जाणतोच.

दुसरे असे की, बहुतेक आफ्रिकी देशांनी त्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता. म्युनिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा केनियाचा माइक बॉइट त्यामुळे तेथे नव्हता. अशी मोकळीक पुन्हा मिळत नसते, आणि ती मिळालेली असताना पहिल्याच फेऱ्यात सगळे उधळून देणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

फेरा_चारशे

मी शारीरिक शिक्षण शिकलो ते याच शहरात, आणि पुढे बरीच वर्षे मुलांच्या हाती घड्याळ देण्यात गेली, त्यामुळे या हिशोबात थोडी भर घालू शकतो.

दौलतगंज यांनी पहिल्या आणि दुसऱ्या फेऱ्यात समतोल असायला हवा होता असे सुचवले आहे. पाच हजार किंवा दहा हजार मीटरमध्ये हे तत्त्व बरोबर ठरते. आठशे मीटरमध्ये मात्र जगातील सर्वोत्तम वेळा जवळजवळ नेहमीच पहिला फेरा जलद आणि दुसरा संथ अशाच आलेल्या आहेत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेव्हिड रुडिशाने १:४०.९१ हा विक्रम केला तेव्हा त्याचा पहिला फेरा ४९.२८ आणि दुसरा ५१.६३ सेकंदांचा होता, आणि तोही आरंभापासून अखेरपर्यंत पुढेच धावला. फेऱ्यांच्या वेळेबाबत हुआंतोरेनाचेसुद्धा माँट्रिऑलमध्ये तेच झाले. त्याचा दुसरा फेरा पहिल्यापेक्षा दीड सेकंदाहून थोडा अधिक संथ होता. याचे कारण असे की, या अंतरात लागणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग प्राणवायूच्या साहाय्याने येतो, पण ती यंत्रणा पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला काही वेळ लागतो, आणि उरलेला भाग प्राणवायूविना चालणाऱ्या यंत्रणेकडून येतो, जिचा साठा मर्यादित असतो. सुरुवातीला जोर लावला तर प्राणवायूची यंत्रणा लवकर जागी होते. अति जोर लावला तर दुसरा साठा वेळेआधी संपतो. सारी कला या दोहोंमधल्या अरुंद जागेत आहे.

ती जागा ओलांडली की काय होते ते मैदानाच्या कडेला उभे राहून स्पष्ट दिसते. साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटरदरम्यान आधी खांदे कानांकडे सरकतात, मग कोपरे अंगापासून दूर जातात, मुठी घट्ट आवळल्या जातात, आणि गुडघा मघापेक्षा चार बोटे खाली उचलला जाऊ लागतो. धावणाऱ्याला वाटते की आपण अधिक जोर लावत आहोत, आणि पाऊल मात्र आखूड पडत असते. आमच्याकडची मुले याला ‘पाय भरून आले’ म्हणतात. श्रीराम सिंहांचे पाय शेवटच्या दोनशे मीटरमध्ये भरून आले असणार हे वेळेवरूनच कळते, पण ते कोसळले नाहीत. त्याच शर्यतीत आठवा आलेला इटलीचा ग्रिप्पो १:४८.३९ वर आला. खरे कोसळणे कशाला म्हणतात हे त्या आकड्यात दिसते.

आता पुढे राहण्याच्या फायद्या-तोट्याबद्दल. ट्रॅकवरच्या एका गल्लीची (लेनची) रुंदी १.२२ मीटर असते, त्यामुळे वळणावर पूर्ण एक गल्ली बाहेरून धावणाऱ्याला प्रत्येक वळणामागे साधारण पावणेचार मीटर जास्त धावावे लागते. दोन फेऱ्यांत चार वळणे येतात. जो पुढे असतो तो आतली कड धरून धावतो आणि हे अंतर वाचवतो. जो त्याच्या खांद्याला लागून धावतो त्याला वाऱ्याचा आडोसा मिळतो, पण पल्ला वाढतो. म्हणजे पुढे धावणे हा निव्वळ उधळेपणा नाही, तो एक सौदा आहे. ज्याच्या अंगी शेवटच्या शंभर मीटरची चपळाई इतरांपेक्षा कमी आहे, त्याला हा सौदा परवडतो.

जिवाजीगंज_ताई

फेरा_चारशे यांनी गल्लीचा विषय काढला म्हणून शायनी अब्राहमची आठवण झाली. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत आठशे मीटरमध्ये ती सर्वांच्या पुढे होती, परंतु ठरलेल्या रेषेच्या आधीच आपली गल्ली सोडून आत आल्यामुळे तिला बाद ठरवण्यात आले. दीड-दोन पावलांचा प्रश्न, आणि सुवर्णपदक गेले. त्याच स्पर्धेत तिने चारशे मीटरमध्ये रौप्य मिळवले, हे सांगणारे मात्र कमी भेटतात.

टिंटू लुकाचेही उदाहरण या चर्चेत यायला हवे. तिने २०१० मध्ये १:५९.१७ अशी वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत व ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ती पुढे धावून अखेरीस मागे पडली. ग्वांगझूत कांस्य मिळाले. त्या वेळी वर्तमानपत्रांतून आणि चहाच्या टपरीवरून तिला अक्कल शिकवणाऱ्यांची संख्या पाहून मला फार राग आला होता. पुरुष पुढे धावून सातवा आला तर शौर्य, आणि बाई पुढे धावून तिसरी आली तर डावपेचांचा अभाव, अशी आपली मोजपट्टी आहे. दौलतगंज यांनी निदान दोघांना एकच न्याय लावला असता असे त्यांच्या प्रतिसादावरून वाटते, एवढे श्रेय त्यांना देते.

किलागेट

वाचतो आहे. राजपुताना रायफल्स, पानसिंह तोमर यांची बंगाल इंजिनियर्स आणि आपल्या बीडच्या अविनाश साबळेची महार रेजिमेंट, सगळी नावे सैन्यातलीच का, यावरही कोणी लिहावे.

फूलबाग_आजोबा

किलागेट यांच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या परीने देतो, कारण मी स्वतः विद्यापीठाच्या संघात आठशे मीटर धावलो आहे आणि माझे काही सोबती पुढे सैन्यात गेले.

मध्यम पल्ल्याच्या धावपटूला तयार व्हायला सहा-सात वर्षे लागतात, आणि या काळात त्याला रोज दोन वेळा सराव, पोटभर व पौष्टिक जेवण, दुपारची झोप आणि डोक्यावर चिंता नसणे या चार गोष्टी मिळाव्या लागतात. आमच्या काळात या चारही गोष्टी एका ठिकाणी देणारी व्यवस्था सैन्याखेरीज फारशी कोठे नव्हती. रेल्वे आणि पोलिसांनी पुढे काही प्रमाणात ती जागा भरली. नोकरी सुरक्षित असणे किती महत्त्वाचे आहे याचे अगदी अलीकडचे उदाहरण मनजीत सिंहचे आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्याच्या नोकरीचा करार संपलेला होता आणि पुढचा झालेला नव्हता.

माझ्या स्वतःच्या धावण्याविषयी सांगण्यासारखे फार नाही, पण एका आंतरविद्यापीठ शर्यतीचा उल्लेख येथे उपयोगी ठरेल. पंच कोण होते आणि यजमान कोण होते ते सोडून देऊ. आम्ही आठही जणांनी पहिला फेरा ६० सेकंदांच्या वर काढला, कारण पुढे जायला कोणीच तयार नव्हते. सगळे एका घोळक्यात, एकमेकांच्या टाचांवर. दुसऱ्या वळणावर कोणाचे तरी कोपर माझ्या बरगडीत बसले आणि पुढच्याच क्षणी एकाच्या खिळ्यांच्या बुटांनी माझ्या नडगीवर तीन समांतर रेघा ओढल्या. मातीचा ट्रॅक होता, चुना पुसलेला होता, आणि आतली गल्ली इतकी उकरलेली होती की सगळे बाहेरून धावत होते. शेवटच्या दीडशे मीटरमध्ये जो तो सुटला. पंचांनी कोणाला दोष दिला नाही आणि माझी तक्रार कोणी ऐकूनही घेतली नाही. त्या शर्यतीचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाला, कारण त्याला संथ शर्यत जिंकण्याची सवय होती, जलद शर्यत सोसण्याची नव्हती.

श्रीराम सिंहांचा विक्रम ४२ वर्षे का टिकला, याचे उत्तर मला येथे दिसते. आपल्या देशातील आठशे मीटरच्या शर्यती पुष्कळदा निवडीसाठी आणि पदकासाठी धावल्या जातात, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. श्रीराम सिंहांना पुढे कोणी असण्याची सवयच नव्हती. मायदेशात त्यांना खेचून नेणारा कोणी नव्हता, म्हणून एकट्याने वेग धरायला ते शिकले, आणि माँट्रिऑलमध्ये त्यांनी जे येत होते तेच केले.

दौलतगंज

आजोबांचा मुद्दा मोलाचा आहे, परंतु मनजीत सिंहचे नाव त्यांनी काढलेच आहे तर ते माझ्या बाजूनेही साक्ष देते. जकार्तामध्ये तो बराच वेळ मागे राहिला आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात बाहेरून येऊन १:४६.१५ वर पहिला आला. जिन्सन जॉन्सन, ज्याच्या नावावर त्या वेळी राष्ट्रीय विक्रम होता, तो १:४६.३५ सह दुसरा आला. विक्रमवीर दुसरा आणि संयम ठेवणारा पहिला! सुवर्णपदकाची ३६ वर्षांची प्रतीक्षा अशा धावण्याने संपली, कारण त्याआधीचे सुवर्ण १९८२ मध्ये दिल्लीत चार्ल्स बोरोमिओने मिळवले होते.

लष्करकर (धागाकर्ता)

बोरोमिओचे नाव आले हे बरे झाले, कारण तोही इलियास बाबर यांचाच शिष्य. १९७४, १९७८ आणि १९८२ अशी आठशे मीटरची लागोपाठ तीन आशियाई सुवर्णपदके एकाच प्रशिक्षकाच्या हाताखालच्या धावपटूंनी आणली, आणि गीता झुत्शीही त्यांच्याच तालमीतली. बाबर यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो १९९४ साली. श्रीराम सिंहांच्या कारकीर्दीविषयी बोलताना या माणसाला वगळणे अन्याय्य ठरेल, कारण धावपटू जेव्हा पुढे राहून धावण्याचा निर्णय घेतो तेव्हा त्या निर्णयाची पूर्वतयारी आधीच्या कित्येक महिन्यांच्या तुकड्या-तुकड्यांच्या सरावात झालेली असते. दोनशे मीटर ठरलेल्या सेकंदांत, थोडी विश्रांती, पुन्हा दोनशे. चारशे, विश्रांती, पुन्हा चारशे. असा सराव केलेला माणूस ५०.८५ हा आकडा भावनेच्या भरात धावत नाही.

दौलतगंज, जकार्ताचे आपले उदाहरण बिनतोड आहे असे मी मान्य करतो, पण ते आशियाई स्पर्धेपुरते. मनजीतपुढे १:४६ चे प्रतिस्पर्धी होते. श्रीराम सिंहांपुढे हुआंतोरेना होता, जो त्याच ऑलिंपिकमध्ये चार दिवसांनी चारशे मीटरही ४४.२६ सेकंदांत जिंकला आणि ही दोन सुवर्णपदके एकत्र मिळवणारा पहिला धावपटू ठरला. रौप्य मिळवणारा बेल्जियमचा इव्हो व्हान डाम १:४३.८६ वर होता आणि कांस्य मिळवणारा अमेरिकेचा रिक वोलह्यूटर १:४४.१२ वर. १:४६ ची सवय असलेल्या माणसाने अशा तिघांमागे दबा धरून बसायचे आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये त्यांना गाठायचे, हे कागदावर सुद्धा जमत नाही. चौथ्या क्रमांकासाठी जमले असते, हे आपले म्हणणे मात्र खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही.

व्हान डामचा उल्लेख आला म्हणून एवढेच नोंदवतो की तो त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मोटार अपघातात गेला. ब्रुसेल्समधली प्रसिद्ध स्पर्धा त्याच्या नावाने भरते. आठशे मीटरच्या त्या आठ जणांपैकी प्रत्येकावर स्वतंत्र धागा निघू शकेल.

मुरारचा_धावक

मी मराठी माध्यमात शिकलेलो नाही, त्यामुळे लिहिण्यात काही चुकले तर समजून घ्यावे. माझी धाकटी बहीण आठशे मीटर धावते आणि तिची वेळ २ मिनिटे २४ सेकंद आहे. ती नेहमी पहिला फेरा ६६ सेकंदांत काढते आणि शेवटी तिला मुली ओलांडून जातात. घरी सगळे तिला मागे राहून धावायला सांगतात. येथील चर्चा वाचून मी गोंधळलो आहे. तिने पुढे धावावे की मागे?

फेरा_चारशे

मुरारचा_धावक, तिचा दुसरा फेरा ७८ सेकंदांचा होतो आहे, म्हणजे बारा सेकंदांचा फरक, आणि तो खूप जास्त आहे. श्रीराम सिंहांचा फरक चार सेकंदांचा होता हे येथे वर आलेच आहे. तेव्हा तिने पुढे धावावे की मागे हा प्रश्न नंतरचा आहे. आधी तिला स्वतःचा वेग ओळखता यायला हवा. तूर्त पहिल्या फेऱ्याचे लक्ष्य ६९ ठेवावे आणि सरावात दोनशे मीटर बरोबर साडेचौतीस सेकंदांत, घड्याळ न पाहता, धावायला सांगावे. सुरुवातीला ती तेहतीसमध्ये येईल, मग छत्तीसमध्ये येईल, आणि काही आठवड्यांनी अंदाज बसेल. आठवड्यातून एकदा सहाशे मीटर शर्यतीच्या वेगाने धावून थांबावे, म्हणजे पाय भरून येण्याच्या जागेची ओळख होते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर रोज लांब पल्ला धावणे तिच्या दमासाठी चांगले आहे, परंतु त्यांचा सोळाशेचा वेग तिच्या पायांत मुरू देऊ नये.

मुरारचा_धावक

आभारी आहे. दोनशे मीटरच्या खुणेवर मी उभा राहीन आणि शेवटच्या रेषेवर वडील. आमच्याकडे घड्याळ एकच आहे, दुसऱ्यासाठी मोबाइल चालेल का?

फेरा_चारशे

चालेल. मात्र दोनशेच्या खुणेवर तुम्ही वेळ मोठ्याने ओरडून सांगू नये. आधी तिला विचारावे की किती झाले असे वाटते, आणि मग आकडा दाखवावा.

दौलतगंज

आणि वडिलांनी शेवटच्या रेषेवरून ‘पळ, पळ’ असे ओरडू नये, ही माझी पुरवणी. खांदे तेथेच वर जातात.